मिस झेल्फाची जीभ घरी आली

मिस झेल्फा ब्रेबॉय आल्या की माणसं बोलायची थांबत. प्रॉस्पेक्ट गावच्या चर्चमागच्या स्वयंपाकघरात रविवारी उभं राहिलेलं कुणीही हे सांगेल. बायका कोंबडीभाताच्या हंड्याभोवती जमलेल्या असायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या पोराने जुवेंबर ताणून कुणाच्या खिडकीवर खडा सोडला, असं सगळं रंगात आलेलं असायचं. एवढ्यात व्हरांड्यात टाचांचा आवाज व्हायचा. मग एकीचं कोपर दुसरीच्या बरगडीत, दुसरीचं तिसरीच्या, आणि सगळ्याजणी एकदम हवापाण्यावर शुद्ध बोलायला लागायच्या. शुद्ध बोलणं काही फार वेळ टिकत नाही. थोड्याच वेळात नुसता डावांचा आवाज उरायचा.

बाई दुष्ट नव्हत्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी लिहायला वाचायला शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांच्या पोरांना. कुणाकडे मयत झालं की पहिलं जेवण त्यांच्या घरून जायचं. फक्त समोरचा बोलायला लागला की त्यांना अर्थाच्या आधी चूक ऐकू यायची. ‘जातुया’ म्हटलं की त्या म्हणायच्या, “जातो आहे.” ‘एलिक’ म्हटलं की, “साखर घातलेली कॉफी म्हणावं.” लोक म्हणत, मिस झेल्फांच्या अंगणातला कोंबडासुद्धा व्याकरण सांभाळून आरवतो.

लग्न का झालं नाही, त्याचीही हीच कथा. सॅडलट्रीकडचा एक उमदा गडी केस चापून, टाय बांधून मागणी घालायला आला होता. त्याने बिचाऱ्याने वाटेत पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, आणि झेल्फाने त्यातली चूक दुरुस्त केली. तो थोडा वेळ टोपी फिरवत बसला, मग उठला आणि गेला. दुरुस्त झालेलं वाक्य त्याने पुढे दुसरीकडे वापरलं म्हणतात, आणि तिथे ते लागू पडलं.

पण जन्मतः काही त्या अशा नव्हत्या. तंबाखूच्या शेतात पानं तोडत, नदीच्या काळ्या पाण्यात डुंबत वाढलेली ही पोर दलदलीवरची बोली कुणाहीपेक्षा ठसक्यात बोलायची. जुवेंबर तर भावांपेक्षा चांगली मारायची. तेव्हा गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी आणि आमची, लम्बी मूळनिवाशांची, वेगळी. त्या शाळेतून ती पेम्ब्रोकच्या कॉलेजात गेली आणि तिथून मास्तरकीच्या तोंडी परीक्षेसाठी थेट राजधानीला, रॅलेला. नवा झगा, आईने शिवलेला. परीक्षा घेणारे दोघे गृहस्थ होते. त्यांनी आधी सौजन्याने विचारलं, काही घेणार का. पोर प्रवासाने दमलेली, ती सहज म्हणाली, “एलिक आसंल तर वाईच द्या की.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक हसला, मग दुसरा हसला, आणि पहिल्याने शेजारच्या खोलीतल्या तिसऱ्याला बोलावून पुन्हा एकदा तो शब्द म्हणायला लावला. झेल्फाने तो म्हटला. परीक्षेत ती पास झाली, पण परत येताना बसमध्ये तिने ठरवून टाकलं की आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही लेकराला कुणी असं हसता कामा नये. त्या दिवसापासून तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही, थोरल्या बहिणीला, डोव्हीलासुद्धा नाही. घरच्यांना एवढंच दिसलं की पोरगी रॅलेला गेली एक आणि आली भलतीच.

तर अशा मिस झेल्फा, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेल्या, नोव्हेंबरातल्या एका सकाळी परसात कोलार्डच्या भाजीची पानं कापत होत्या. पहिलं हिम पडून गेलं होतं, म्हणजे पानाला गोडी आली होती. कापता कापता त्यांचा उजवा हात एकदम कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा झाला. सुरी पडली, मग त्याही बसल्या, आणि बसल्या त्या कलंडल्याच. दैवाची खैर म्हणून डोव्ही भाजी मागायला त्याच वेळी कुंपणाशी आली. तिने जी हाक मारली ती नदीपलीकडे ऐकू गेली असेल. तिचा मुलगा वेल्टन ऑक्सेनडाइन गाडी घेऊन धावला आणि तासाभरात बाई दवाखान्यात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. डोव्ही उशाशी बसल्या बसल्या पेंगत होती.

“डोव्हे,” मिस झेल्फा म्हणाल्या, “मला वाईच एलिक दे गं. घसा पार वाळून कोळ झालाय बघ.”

डोव्हीची झोप उडाली. तिने बहिणीकडे पाहिलं, मग आपल्यामागे आणखी कुणी बोललं की काय ते पाहिलं.

“काय म्हनलीस?”

“एलिक म्हनलं, एलिक! बहिरी झालीस व्हय? आन् साकर जरा हात सोडून घाल, रांडेच्या दवाखान्यावाल्यांचं काय जातंय?”

डोव्ही उठली ती पर्स तिथेच टाकून व्हरांड्यात पळाली. “वेल्टन! आरं वेल्टन! घात झाला रं! झेल्फीचा मेंदू गेला!”

वेल्टनच्या हातातला पाव खाली पडला. “काय झालं? बोलता येत नाही का?”

“बोलतीया की! लई बोलतीया! तेच तर!” डोव्हीने पदर नसलेल्या झग्याच्या बाहीने डोळे पुसले. “एलिक दे म्हनली मला. माझ्या ह्या कानांनी ऐकलं. आन् शिवी बी दिली.”

“अगं पण आई, तू पण एलिकच म्हणतेस.”

“आमी बोलतो ते निराळं! आमचा मेंदू पयल्यापासनं हितंच हाय. तिनं कधी आयुष्यात म्हनलंय? तूच सांग, कधी म्हनलंय?”

वेल्टनने आठवून पाहिलं. लहानपणी त्याच्या तोंडून ‘न्हाई’ गेलं की मावशी त्याला ‘नाही’ फळ्यावर फळा भरेपर्यंत लिहायला लावायची. तो डॉक्टरला बोलवायला धावला.

डॉक्टरीण ओहायोकडची होती, तरुण आणि हसऱ्या तोंडाची. तिने मिस झेल्फांना हात वर करायला लावले, नाक शिवायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि बाहेर येऊन म्हणाली, “बारीकशी गुठळी होती, विरघळली. नशीब चांगलं. हाताची ताकद परत येते आहे, बोलणं अगदी स्वच्छ आहे.”

“स्वच्छ?” वेल्टन म्हणाला. “डॉक्टर, तुम्ही माझ्या मावशीला ओळखत नाही.”

“काही शब्द मला कळले नाहीत, हे खरं. पण इथे आल्यापासून मला कुणाचेच सगळे शब्द कळलेले नाहीत.”

“आम्हाला कळले, डॉक्टर. म्हणून तर आम्ही घाबरलो.”

डॉक्टरणीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, खांदे उडवले आणि ती पुढच्या खोलीत गेली. आता डॉक्टर सांगते बरी आहे आणि घरचे म्हणतात वेडी झाली, असा उलटा प्रकार जगात कुठे होत असेल तर तो आमच्याकडेच.

दार नीट लागलेलं नव्हतं. मिस झेल्फांना सगळं ऐकू येत होतं, आणि आधी त्यांना हसूच आलं. शाळेची भाषा काही कुठे गेली नव्हती. त्यांनी मनातल्या मनात एक लांबलचक वाक्य करून पाहिलं, सगळी क्रियापदं जागच्या जागी होती. चर्चला घालायच्या बुटांसारखी ती खाटेखाली ठेवलेली होती, हवी तेव्हा पाय घालावेत. जाग आली तेव्हा तहान लागली होती आणि पहिला शब्द आला तो आईचा आला, इतकंच. पण एकदा आल्यावर असं काही मोकळं मोकळं वाटलं की पुन्हा ते बूट चढवायचा जीवच होईना.

मग वेल्टनचा आवाज आला, आणि हसू गेलं.

“एकटीला ठेवून चालणार नाही, आई. आज एलिक मागते, उद्या चूल तशीच ठेवून बाहेर पडेल. लंबर्टनच्या वृद्धाश्रमात मी आत्ताच फोन करून विचारलंय, जागा आहे. घर बंद करून ठेवू.”

“ती तितं जगायची न्हाई रं.”

“मग काय करू? तूच म्हणतेस ना मेंदू गेला?”

ते विटांचं घर मिस झेल्फांनी एकटीने उभं केलं होतं. परस, कोलार्ड, पेकानचं झाड, सकाळी पायरीवर बसून ऐकू येणारा रस्ता. ते सगळं सोडून अनोळखी माणसांच्या रांगेत खुर्चीत बसून राहायचं? आणि उपाय तर जिभेच्या टोकावर होता. एक हाक मारायची, “वेल्टन, कृपया आत ये,” की संपलं. पोरगा तिथल्या तिथे ताठ उभा राहिला असता.

पण त्यांना ते म्हणवेना. हट्ट होता, हे कबूल. बाईंचा हट्ट साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. पण हट्टाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. त्यांची आई शेवटची काही वर्षं त्यांच्यासमोर बोलायचीच नाही. डोव्हीशी बोलायची, शेजारणींशी बोलायची, कुत्र्याशीसुद्धा बोलायची. झेल्फा आली की हात मांडीवर घेऊन गप्प. झेल्फाला कारण माहीत होतं: तिनेच आईच्या बोलण्यात चुका दाखवून दाखवून तिचं तोंड बंद केलं होतं. हे दुखणं त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. आणि आज इतक्या वर्षांनी तोंड उघडलं तर त्यातून आई बोलली होती. तिला आता कुठल्या तोंडाने पुन्हा गप्प करायचं?

दिवसभर त्या काही बोलल्याच नाहीत. त्यामुळे डोव्हीची खातरीच झाली. पेकानच्या झाडावर घुबड बसलेलं तिने आदल्या आठवड्यात पाहिलं होतं, ते टोटन होतं, मरणाची खूण, मेलेल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, असं ती नर्सला समजावून सांगत राहिली. नर्स आमच्यातलीच होती, तिने मान डोलावली.

संध्याकाळपर्यंत मिस झेल्फांनी मनाशी ठरवलं. घरापुढे इलाज नाही. उद्या बूट चढवायचे. सकाळी वेल्टन आला की त्याला व्याकरणशुद्ध शुभप्रभात म्हणायचं, घरी जायचं, आणि आईला पुन्हा आत ठेवून द्यायचं. ठरल्यावर त्यांना रडू आलं, आणि त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या.

सकाळी वेल्टन आला तो पाद्री पर्नेल डायल यांना घेऊनच आला. वृद्धाश्रमाचं सांगायचं तर सोबत देवाचा माणूस असलेला बरा, असा त्याचा हिशोब. पर्नेलही बाईंचाच विद्यार्थी. एवढा धिप्पाड गृहस्थ, पण दारात टोपी काढून, पोट आत घेऊन उभा राहिला. मागे डोव्ही, रडून रडून नाक लाल झालेली.

मिस झेल्फा उठून बसल्या. केस सारखे केले. वाक्य तयार होतं. तोंड उघडणार तोच वेल्टन पुढे झाला. वेड्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलावं असं त्याला रात्री कुणीतरी सुचवलं होतं. त्याने बाईंच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि बहिऱ्या बाळाशी बोलावं तसं मोठ्याने, लाडे लाडे म्हटलं:

“मावशे! म्या आलो गं! म्या तुला भेटाया आलो! बघ, म्या पर्नेलला बी संगं आलो!”

मिस झेल्फांच्या नाकपुड्या फुगल्या. आणि मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईल असा आवाज आला.

“म्या आलो न्हाई रं मुडद्या! मी आलो!”

वेल्टन एक पाऊल मागे सरकला.

“म्या केलं! म्या खाल्लं! म्या आनलं! पर मी आलो, मी गेलो, मी बसलो! म्या म्हनायचं तर मानसाला कायतरी करावं लागतं. नुस्तं येऊन खांबावानी हुबं ऱ्हानाऱ्याला म्या म्हनायचा हक्क न्हाई! आन् ‘पर्नेलला संगं आलो’ म्हंजे काय? पर्नेलला संगं आनलं! आनलं तितं म्या, आलो तितं मी! येवढं तुझ्या आज्जीच्या शेळीला बी कळत हुतं!”

“येस, मिस झेल्फा,” वेल्टन म्हणाला. त्याच्या हातांनी आपोआप शर्ट आत खोचला.

पर्नेलने हसू दाबायला टोपी तोंडावर धरली.

“आन् तू रं पर्नेल, दात काढू नगंस! गेल्या ऐतवारी परवचनात काय म्हनलास? ‘देवानं तुमासनी बघतुया’! देवानं बघितलं म्हन, न्हाईतर देव बघतुया म्हन. धड शाळंचं न्हाई, धड घरचं न्हाई, देवाला कळावं तरी कसं तू कुनाबद्दल बोलतुयास?”

“चुकलं, मिस झेल्फा,” पाद्री म्हणाले.

एवढं होईपर्यंत डोव्ही दारात मटकन बसली होती. ती रडत होती, हसत होती आणि जमिनीवर हात आपटत होती. “आमची झेल्फीच हाय ती! आरं देवा, आख्खीच्या आख्खी हाय! कुटं बी गेलेली न्हाई!”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खरं. त्या खोडीवरूनच सगळ्यांनी बाईंना ओळखलं, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. सगळ्यांत जास्त खुद्द बाईंच्या. कारण शिव्या देता देताच त्यांच्या लक्षात आलं होतं की आपण हे सगळं घरच्या बोलीत बोललो, आणि तरी पोरं ताठ उभी राहिली. आईच्या बोलीलाही नियम होते. कुणी लिहून ठेवले नव्हते, पण होते, आणि एकही त्या विसरल्या नव्हत्या.

वेल्टन खाटेच्या कडेवर बसला. “मावशी, म्हणजे तुम्हाला सगळं येतं अजून? शाळेचं पण?”

“येतं की. तुला कशाला पायजेल? पेपर तपासायचेत?”

“नाही, नाही.” त्याने बाईंचा उजवा हात हातात घेतला आणि त्याला हुंदका आवरेना. “मावशी, मी फार घाबरलो होतो.”

“हां,” मिस झेल्फा म्हणाल्या. “हे मी बरूबर.”

वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीने घरी सोडलं. जाताना तिने विचारलं, ते कालचं ‘म्या’ आणि ‘मी’ पुन्हा एकदा सांगाल का. बाईंनी सांगितलं. ती हसली नाही, तिने लिहून घेतलं.

घरी आल्यावर डोव्ही काही दिवस सोबतीला राहिली. पहिल्याच दुपारी दोघी स्वयंपाकघरात बसल्या, मध्ये एलिकची किटली. तेव्हा मिस झेल्फांनी रॅलेची ती गोष्ट सांगितली: झगा, दोघे गृहस्थ आणि तिसरा. डोव्ही ऐकता ऐकता कप ओठांशी धरून तशीच राहिली.

“येवढंच?” ती शेवटी म्हणाली. “आन् मला वाटायचं, तुला आमची लाज वाटती.”

“लाज न्हाई गं. भ्या वाटायचं. तुमाला कुनी हसंल म्हनून.”

“आमाला कुनी हसलं न्हाई, झेल्फे. पर तुझ्याशी कुनी बोललं बी न्हाई.”

मिस झेल्फांनी मान हलवली. हे त्यांना माहीत होतं. मग आणखी जे होतं तेही त्यांनी काढलं, कारण आता ते आत ठेवण्यात अर्थ नव्हता. “आयनं बी बोलनं टाकलं माझ्याम्होरं. म्याच तिचं तोंड बंद केलं, डोव्हे.”

डोव्हीने कप खाली ठेवला. “कुनी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पायजे? दिसत न्हवतं मला?”

“काय बी दिसत न्हवतं तुला. आगं, ती ऐकत बसायची! तू आलीस की आमाला दटावायची, गप बसा, माझी झेल्फी बोलतीया. तू निघून गेलीस की शेजारनींना बोलवून तुझी नक्कल करून दावायची. ‘कृपया’ म्हनायची, ‘तथापि’ म्हनायची. तथापि तर तिला लई आवडायचं. कोंबड्या हाकलताना म्हनायची, तथापि, तथापि!”

“खोटं.”

“खोटं बोलाया तुझी शाळा शिकावी लागती. मी शिकले न्हाई.”

मिस झेल्फांनी तोंडावर हात घेतला, खांदे हलायला लागले, आणि हसतायत की रडतायत हे डोव्हीला कळेना. डोव्हीने वाट पाहिली नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं चाळीस वर्षांचं साठलं होतं, कुणाचं लग्न कसं मोडलं इथपासून आई मरताना काय म्हणाली इथपर्यंत. ते सगळं तिने त्या दुपारी सुरू केलं, हव्या तशा चुका करत. मिस झेल्फांनी एकही दुरुस्त केली नाही. जरा थांबली की त्या फक्त म्हणायच्या, “आजून सांग.”